सायकलीचा भाव आणि बाईचा वेळ

 

आज आपण सायकलीबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत शेळीचं कर्ज, शिलाई मशीनचं कर्ज, शाळेच्या फीचं कर्ज हे विषय नेहमीचेच. हल्ली सायकलीसाठीही मागणी येते. कुणाची मुलगी आठवीत गेलेली असते, कुणाला डेअरीवर दूध घालायला जायचं असतं. मग किंमत ऐकली की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘दोन चाकं आणि चार नळ्या, त्याचे एवढे पैसे?’ प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर दुकानदाराकडे पूर्ण मिळत नाही. त्यासाठी जरा मागे जावं लागतं. सायकल आपल्याकडे कशी आली, कधी महागली, कधी स्वस्त झाली आणि कुणाच्या हातात गेली, हे एकदा समजून घेऊ.

आज आपण पाहतो तशी, दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली या कारागिराने बनवली. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि सायकलीचे हादरे कमी झाले. गंमत म्हणजे त्याच १८८८ साली आपल्या जवळच, बेळगावात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं छोटं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत तंत्रशाळेत शिकवत. तिथून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. लोकांना चालवायलाही शिकवायचे. आपण ज्यांना लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांसाठी ओळखतो, त्या किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात सायकलीच्या दुकानातून झाली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ‘स्त्री’ हे बायकांसाठीचं मासिकही याच घराण्याने १९३० मध्ये सुरू केलं.

पण त्या काळी सायकल घ्यायची कुणी? ती बोटीने विलायतेहून यायची आणि किंमत शेकड्यात असायची. शेतमजुराची वर्षभराची कमाईही तिला पुरली नसती. त्यामुळे आधी साहेब, मग वकील, डॉक्टर, जमीनदार अशांच्याच दारात ती दिसे. हळूहळू विलायतेत कारखाने वाढले, तशी किंमत उतरली. १९३० च्या सुमारास जपानच्या स्वस्त सायकलीही बाजारात आल्या. मग कारकून, मास्तर, पोस्टमन सायकल घेऊ लागले.

एवढ्यात दुसरं महायुद्ध लागलं. १९३९ ते १९४५ ही सहा वर्षं पोलाद लष्कराकडे गेलं. जपानने मलाया घेतल्यावर रबर मिळेनासं झालं. बोटी बंद पडल्या. नवी सायकल दुर्मिळ झाली आणि जुनीचा भाव चढला. मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याच डोळ्यांसमोर ती पुन्हा घडली. वस्तू किंवा तिचा कच्चा माल दुरून येत असला आणि वाट बंद झाली, तर भाव वाढतो. त्यात गावच्या दुकानदाराच्या हातात फारसं काही नसतं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर देशाने ठरवलं की सायकली इथेच बनवायच्या. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना होताच. मद्रासला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, हरियाणातल्या सोनीपतला अॅटलस असे कारखाने उभे राहिले. १९५६ मध्ये लुधियान्यात हीरो सायकल्स सुरू झाली. ती काढणारं मुंजाल कुटुंब मूळचं कमालिया गावचं. ते गाव आज पाकिस्तानात आहे. पहिल्या वर्षी त्यांनी ६३९ सायकली बनवल्या. आणि १९८६ मध्ये याच कंपनीचं नाव जगात सगळ्यांत जास्त सायकली बनवणारी म्हणून गिनीज बुकात गेलं.

सगळ्या देशाचा हिशेब पाहिला, तर १९५०-५१ मध्ये आपल्याकडे वर्षाला साधारण एक लाख सायकली बनत होत्या. दहा वर्षांत हा आकडा दहा लाखांच्या वर गेला. हे कसं झालं? मोठा कारखाना सगळे भाग स्वतः बनवत नव्हता. लुधियान्याच्या गल्ल्यांमध्ये कुणी घंटी बनवायचं, कुणी पायडल, कुणी सीट, कुणी चेनचं कव्हर. छोट्या कारखान्यांना राखीव काम मिळालं. आपल्या गटात एक जण मसाला कांडते, दुसरी पाकिटं भरते, तिसरी बाजारात नेते, तसंच ते होतं. माल देशातला, कारागीर देशातले, म्हणून किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

मग आली काळ्या, दणकट सायकलीची पन्नास-साठ वर्षं. आपल्या आजोबांच्या, वडिलांच्या सायकली त्या. बावीस इंची, चोवीस इंची, मधे आडवी दांडी, मागे मजबूत कॅरिअर. त्यावर दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, पिठाचा डबा, आजारी माणूस, सगळं वाहिलं गेलं. नगरपालिका आणि ग्रामपंचायती सायकलीवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस दंड करायचे. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकली मिळायच्या. पोरं दांडीखालून पाय घालून अर्धी पायडल मारत शिकायची.

या सगळ्यात बाई कुठे होती? कॅरिअरवर किंवा पुढच्या दांडीवर. सायकल लग्नात हुंडा म्हणून मागितली जायची. सायकल, रेडिओ, घड्याळ ही त्या काळातली ठरलेली यादी. म्हणजे मुलीच्या बापाने कर्ज काढून सायकल घ्यायची आणि ती चालवायची जावयाने. दांडी खाली वाकवलेली लेडीज सायकल बाजारात होती, पण शहरातल्या कॉलेजच्या मुली, नर्सबाई, शिक्षिका यांच्यापुरती. गावात बाईने सायकल चालवली, तर नावं ठेवणारेच जास्त.

हे कसं बदललं, त्याचं एक खरं उदाहरण सांगते. तमिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. कोरडा, गरीब. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकथ या त्या वेळी जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी आणि मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी अक्षरओळखीबरोबर सायकल शिकवण्याचं काम हाती घेतलं. शिकलेली बाई शिकवायला दुसऱ्या वस्तीवर जाणार कशी, हा साधा प्रश्न होता. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, आरोग्यसेविका, अंगणवाडीताया सगळ्या शिकल्या. सत्तर हजारांहून जास्त बायकांनी उघड्या मैदानात, लोकांसमोर सायकल चालवून दाखवली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे जगापुढे आणलं.

बाजाराच्या दृष्टीने पाहिलं तर तिथे आणखी एक गोष्ट घडली. लेडीज सायकलींना एवढी मागणी आली की दुकानांत त्या पुरेनात. मग बायकांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकराला बसवता यायचं. मागे पाण्याची घागर, पुढे मूल आणि बाई बाजाराला निघालेली. सायकलीसाठी कर्जाची सोय केल्यामुळेच हे शक्य झालं. हातात पैसा आणि मनात हिंमत आली, की बाईची गरज बाजाराला मोजावीच लागते.

दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी नंतर मोजदाद केली. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं, असं त्यांना आढळलं. फायदा जास्त कुठे झाला? ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे. पश्चिम बंगालमध्ये २०१५ पासून ‘सबूज साथी’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली मिळतात. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ही रक्कम ३५०० रुपये होती. २०२२ मध्ये ती ५००० करण्यात आली. का करावी लागली? कारण ३५०० मध्ये धड सायकल येईना. भाव वाढल्याची ही सरकारी कबुलीच म्हणा ना.

आता मागणी कशी फिरली ते पाहू. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना आली. १९८५ मध्ये हीरो होंडाची कमी पेट्रोलमध्ये चालणारी मोटारसायकल आली. ती विकणारी मंडळी तीच, सायकलवाली. त्यांना ग्राहकाची नाडी माहीत होती. हप्त्यावर गाडी मिळू लागली, तशी पुरुषांची सायकल सुटली. जनगणनेचे आकडे बोलके आहेत. २००१ मध्ये देशातल्या १०० घरांपैकी साधारण १२ घरांत स्कूटर किंवा मोटारसायकल होती. २०११ मध्ये २१ घरांत. त्याच दहा वर्षांत शहरात सायकल असलेल्या घरांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४२ वर आलं. गावात मात्र ते ४३ वरून ४६ वर गेलं. म्हणजे शहराने सायकल सोडली, गावाने धरून ठेवली. गावात ती धरून ठेवणाऱ्यांत शाळेच्या मुली आणि कष्टकरी माणसं मोठ्या संख्येने आहेत.

कंपन्यांनी काय केलं? काळ्या सायकलीत नफा थोडा. म्हणून त्या रंगीत, गिअरच्या, जाड टायरच्या, लहान मुलांच्या सायकलींकडे वळल्या. व्यायामासाठी सायकल घेणारा ग्राहक वीस हजारही मोजतो. त्यामुळे दुकानात पुढे काय मांडलेलं असतं, ते बघा. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, चेनला कव्हर नाही. साडी, ओढणी अडकणार. डबा ठेवायला जागा नाही. कॅरिअर वेगळं घ्या, त्याचे वेगळे पैसे. जिला कामाला सायकल हवी, तिच्यासाठी दुकानात मागचा कोपरा.

मग २०२० उजाडलं. टाळेबंदीत एसटी बंद, रेल्वे बंद. हजारो मजूर सायकलीवर गावी निघाले. बिहारच्या दरभंगा जिल्ह्यातली पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवत घरी पोचली. तिची सायकल जुनी, विकत घेतलेली होती. त्याच वर्षी शहरातल्या लोकांनी गर्दी टाळायला आणि व्यायामाला सायकली घ्यायला सुरुवात केली. मे महिन्यात देशात साडेचार लाखांच्या आसपास सायकली विकल्या गेल्या होत्या. सप्टेंबरमध्ये ११ लाखांहून जास्त. दुकानात नंबर लावावा लागत होता. आणि नशिबाचा खेळ बघा. ३ जून हा जागतिक सायकल दिन. त्याच दिवशी, २०२० मध्ये, अॅटलस कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना पैशाअभावी बंद केला आणि शेकडो कामगार घरी बसले.

मागणी एकदम वाढली, त्यात पोलादाचे भाव भडकले. गिअरसारखे भाग चीन, जपानसारख्या देशांतून येतात. जहाजाचं भाडं कित्येक पट झालं. युद्धकाळातली गोष्ट मघाशी सांगितली होती, तीच ही. दोन वर्षांनी शहरातली हौस ओसरली. कितीतरी सायकली गॅलरीत गंजत पडल्या. विक्री घटली, पण चढलेला भाव पूर्वीच्या जागी परत आला नाही. शहराच्या हौसेने वाढलेली किंमत गावातल्या गरजेला मोजावी लागली.

यात कराचाही वाटा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा सायकलीवर १२ टक्के लागला. २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारीवर ५ टक्के कर होता आणि पायाने चालवायच्या सायकलीवर १२. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा करही ५ टक्के झाला. ५००० रुपये मूळ किंमत असलेल्या सायकलीवर आधी ६०० रुपये कर होता, आता २५० होतो. साडेतीनशे रुपयांचा फरक. तो आपल्यापर्यंत पोचला का, हे पावती मागितल्याशिवाय कळत नाही. म्हणून पक्की पावती मागायचीच.

आता येऊ गटाच्या हिशेबावर. सायकल महाग की स्वस्त, हे नुसत्या रुपयांत मोजू नका. मजुरीच्या दिवसांत मोजा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. ५००० रुपयांची सायकल म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. आता दुसरी बाजू मांडू. चार किलोमीटर चालायला पन्नास मिनिटं लागतात, सायकलीवर वीस. जाताना अर्धा तास वाचला, येताना अर्धा. दिवसाला एक तास, महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत पंचवीस तास. म्हणजे महिन्याला तीन दिवसांचं काम. सहा महिन्यांत वाचलेला वेळ सायकलीच्या किमतीएवढा होतो. तीच बाई वडापला जाऊन-येऊन वीस रुपये देत असेल, तर महिन्याला पाचशे रुपये होतात. वर्षात ६००० रुपये गेले आणि हातात काहीच राहिलं नाही.

काही जणी म्हणतील, आता २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मग सायकल कशाला? एसटी लांबच्या वाटेला चांगलीच. पण ती वस्तीवर येत नाही आणि सकाळी सहाला डेअरीवर नेत नाही. शेवटचे तीन-चार किलोमीटर आपल्या पायांवरच असतात.

म्हणून सगळ्या गटांना चार गोष्टी सांगते.

पहिली. तीन-चार घरांना सायकल हवी असेल, तर एकत्र जाऊन भाव करा. कॅरिअर, स्टँड, चेनचं कव्हर, कुलूप यांच्यासह किंमत विचारा. नुसत्या सायकलीची किंमत ऐकून ठरवू नका.

दुसरी. जुनी सायकल कमीपणाची नाही. रिम सरळ आहे का, नळीला तडा किंवा जोड आहे का, ब्रेक लागतो का, चेन किती सैल आहे, हे मिस्त्रीला दाखवून घ्या. शहरात गंजत पडलेल्या सायकली आता स्वस्तात मिळतात.

तिसरी. आपला तालुका मानव विकासमध्ये असेल, तर शाळेत मुलीचं नाव यादीत आहे का ते विचारा. पैसे मुलीच्या खात्यावर येतात आणि खरेदीची पावती द्यावी लागते. खातं चालू आहे का, आधार जोडलेलं आहे का, हे आधीच बघा. वरचे हजार-पाचशे कमी पडत असतील, तर ते गटाचं छोटं कर्ज म्हणून देण्यासारखं उत्तम कारण आहे.

चौथी. गावोगावचे सायकल मिस्त्री आता मोटारसायकलीकडे वळलेत. पंक्चरसाठी तालुक्याला जावं लागलं, तर सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते. गटातल्या एकीने पंक्चर काढायला, चेन बसवायला, ब्रेक आवळायला शिकावं. पंप, पाने, रबर सोल्युशन एवढ्यावर काम सुरू होतं. त्यात चार पैसेही सुटतात.

आणि एक गोष्ट घरातली. मुलीच्या नावावर आलेली सायकल भाऊ घेऊन फिरतो आणि मुलगी पायी शाळेत जाते, असं दिसलं तर बोलायला हवं. सरकारने पैसे दिले, गटाने कर्ज दिलं, तरी सायकल कुणी चालवायची हे शेवटी घरातच ठरतं. आणि घरात आई बोलली, तरच मुलगी बोलू शकते.

पुदुकोट्टैच्या बायका सायकल शिकल्या तेव्हा त्यांच्यातल्या कितीजणी चाळिशीच्या पुढच्या होत्या. तेव्हा आपल्या गटातल्या ज्यांना येत नाही, त्यांनी पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर जमा. साडीचा काष्टा घाला, मागून धरायला आपल्या लेकींना बोलवा. सायकल कुणाच्या घरात आहे, कुणाच्या घरात हवी आहे, याची यादी पुढच्या बैठकीत करा. मग दुकानात भाव करायला जाऊ, सगळ्या मिळून.